बिनमोरचुदाची खळ

लग्न होऊन मंचरला आले तेव्हा माझ्या रुखवतात अकीकाचा एक गुळगुळीत दगड होता. रुखवत बघायला आलेल्या बायकांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि मसाला वाटायचा असेल असं म्हणून ठेवून दिला. मी काही बोलले नाही. नव्या नवरीनं बोलायचं नसतं म्हणून नव्हे. तो चित्राचा कागद घोटायचा दगड आहे असं सांगितलं असतं, तर कागद कशाला घोटायचा तेही सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मी फार दमले होते. ते दमणं त्या दिवशी जे सुरू झालं ते पुढं काही थांबलं नाही.

माझं माहेर निमगाव सावा. कॉलेजला मी जुन्नरला यायचे. तिथं एका बोळात वह्या-पुस्तकं बांधून देणारे एक चाचा होते. त्यांच्या घरात पूर्वी कागद बनायचा, जुन्नरचा हातकागद. तो धंदा कधीच बुडाला, पण घराण्याचे हात कागदातच राहिले. चाचा तरुणपणी हैदराबादेला एका चित्रकाराकडे राहून लघुचित्रं शिकून आले होते. दिवसभर पुस्तकं बांधायची आणि उरलेल्या वेळात तळहाताएवढ्या जागेत हत्ती, घोडे, बागा, राण्या काढायच्या, असा त्यांचा क्रम. मी एक फाटकं पुस्तक बांधायला घेऊन गेले आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं एक चित्र बघत उभी राहिले. खूप वेळानं चाचा म्हणाले, "बस की. उभं ऱ्हाऊन चित्र जास्त दिसतं का?" मग कॉलेज संपेपर्यंत मी तिथं बसायला जात राहिले.

चित्राआधी त्यांनी मला कागद शिकवला. पातळ कागद एकावर एक खळीनं चिकटवायचे, दाबून वाळवायचे आणि मग अकीकाच्या दगडानं घोटत बसायचं. हात भरून येतात, पण कागद असा होतो की ब्रश त्यावर अडखळत नाही. या कागदाला वसली म्हणतात. सगळी मदार खळीवर. मैदा पाण्यात शिजवायचा आणि शिजताना त्यात मोरचूद टाकायचं. तेच मोरचूद, जे आमच्याकडे चुन्याबरोबर कालवून द्राक्षांवर फवारतात. त्यानं खळीला किंचित निळी झाक येते, आणि मग त्या कागदाला कसर लागत नाही. मैदा हे कसरीच्या किड्याचं आवडतं खाणं. मोरचूद हे विष. त्यातलं एक असलं की दुसरं हवंच, एवढं सोपं होतं ते.

चाचांकडेच मी बारमासा म्हणजे काय ते पाहिलं. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा चित्रं. जुन्या चित्रांतून प्रत्येक महिन्यात एक बाई गच्चीत बसून नवऱ्याची वाट बघत असते. ढग येतात, मोर येतात, दिवे लागतात, बाई बसलेलीच. मी चाचांना म्हटलं, "हिला घरात काही कामं नाहीत का?" चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मग तू कामाच्या बायांचा बारमासा काढ. आपल्या हितला. बारा चित्रं एका वळीत मांडशील त्या दिवशी मला बोलव, मी एस्टीनं मंचरला येतो. डोळं हायेत तवर काढ म्हंजे झालं." तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. त्यामुळं मी ते नुसतं बोलणं म्हणून ऐकलं, पण डोक्यातून ते गेलं नाही. लग्नात मी बाकी काही मागितलं नाही. बारा महिने काढायचे आणि चाचांना दाखवायचे, एवढं एकच मनाशी धरून मी सासरी आले.

सासर म्हणजे हमरस्त्याला लागून असलेलं दोन मजली घर. खाली कांद्या-बटाट्याच्या गोण्या, वर आम्ही. सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मार्केट यार्डात गाळा होता. घरात दिवसभर माणसांची ये-जा, निरगुडसरकडचे पावणे, गाळ्यावरचे हमाल, चहावर चहा. दुपारची भांडी झाली की चहाचं आधण ठेवेपर्यंत जो वेळ उरायचा तो माझा. त्यात रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं घर थरथरायचं. मी ऐकून ऐकून शिकले. लांबून ट्रकचा आवाज आला की ब्रश कागदावरून उचलायचा, तो जाईपर्यंत श्वास धरायचा आणि मग पुन्हा टेकवायचा. चाचांनी हे शिकवलं नव्हतं. त्यांच्या बोळात ट्रक येत नव्हते.

मुलगी झाली आणि बघता बघता रांगायला लागली. जे दिसेल ते तोंडात घालायची. बटाट्याची माती, मामंजींच्या चपलेचा अंगठा, देवापुढची फुलं, सगळं. त्याच दिवसांत मी बारमाशासाठी वसली करायला घेतली. चूल अडवून खळ शिजवत होते. शेजारी कागदाच्या पुडीत मोरचूद होतं, निळंशार, खडीसाखरेसारखं चमकणारं. सासूबाई आत आल्या, त्यांनी पुडी बघितली आणि लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"हे काय हाय?"

"मोरचूद. खळीत घालायचंय, आत्याबाई. नाय तर कागदाला कसर लागती."

"लागू दी. घरात रांगतं लेकरू हाय आणि तू जेवणाच्या चुलीवर इख शिजवतीस व्हय? त्ये कागद वाळत कुठं घालणार? जमिनीवरच ना? पोरगी चाटंल की त्ये."

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, फक्त त्यांच्याआधी बोलले नव्हते. कागद वाळत घालायला उंचावर जागा नव्हती, गच्चीवर कांदा पसरलेला होता, आणि पोरगी खरंच चाटली असती. मी पुडी बांधून मामंजींच्या हातात दिली आणि शेतातल्या फवारणीच्या सामानात ठेवायला सांगितली. खळ तशीच उतरवली, पांढरी. त्या पांढऱ्या खळीनं मी कागदांची थप्पी चिकटवली आणि ती वाळल्यावर दगड घेऊन घोटायला बसले. लेक येऊन थप्पीवर बसली. तिनं एका कागदाचा कोपरा चघळला. मी तो नुसता पुसून घेतला.

जुन्नरला गेले तेव्हा चाचांना सांगितलं. ते बराच वेळ पुस्तकाच्या पाठीला दोरा घालत राहिले. मग म्हणाले, "बिनमोरचुदाची खळ म्हंजे किड्याला जेवायचं आवतान. कडुनिंबाचा पाला ठेव. सारखं ऊन दाखवत जा." मी हो म्हटलं. ऊन दाखवणं हे अजून एक काम झालं.

लेकीचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात तळमळत होते. लघुचित्राच्या बारीक ब्रशाला असे केस लागतात ज्यांची टोकं कधी कापली गेलेली नाहीत. खारीच्या शेपटीचे मिळतात, पण खार कोण मारणार? बाळाचं जावळ तसंच असतं. एकदा काढलं की पुढच्या केसांना ते निमुळतं टोक राहत नाही. पण जावळ नदीला सोडायचं असतं, आणि असलं काही मागायची माझी हिंमत नव्हती. माझ्या भावाच्या मांडीवर लेक बसली, रडून तिनं घर डोक्यावर घेतलं, केस कणकेच्या गोळ्यात गेले आणि गोळा नदीत गेला. संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर केस होते.

"तुझ्या त्या बुरशाला," त्या म्हणाल्या. "पावण्यांम्होरं बोलू नको."

त्यांना कुणी सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक मीच कधीतरी बोलले असेन आणि त्यांनी ते भांडी घासता घासता ऐकून ठेवलं असेल. कबुतराच्या पिसाच्या दांडीत ते केस बसवून मी ब्रश केला. बाराही महिने मी त्याच ब्रशानं काढले.

चैत्रात कांद्याची काढणी काढली, बायका ओळीनं वाकलेल्या. वैशाखात साठवणीच्या बराखीत कांदा भरणाऱ्या. ज्येष्ठात नांगरटीच्या मागं हरळीच्या काश्या वेचणाऱ्या. आषाढात भीमाशंकरकडच्या भातखाचरात लावणी, माझी एक मावशी तिकडं दिलेली. श्रावणात पाटावरचं धुणं. भाद्रपदात पोळा, कारण आमच्याकडं बैलपोळा भाद्रपदात असतो, त्यात बैलांना रंगवणारे पुरुष आणि त्या पुरुषांसाठी पुरणाचा घाट घालणाऱ्या बाया. एकेका चित्राला वर्ष जायचं, कधी जास्त. मधे मुलगा झाला आणि तोही रांगला. तोही सगळं तोंडात घालायचा, त्यामुळं पांढऱ्या खळीचीच थप्पी चालू राहिली. नवरा भला माणूस. चित्रातलं त्याला काही कळत नव्हतं, पण जेवायला बसला की विचारायचा, "कितवा म्हयना चाललाय?" मी म्हणायचे श्रावण. तो म्हणायचा, "तुझं वर्ष लई लांबलं बुवा." माझं बाहेरचं वर्ष मात्र भर्रकन जायचं.

मुलं शाळेत जायला लागली तशी मी शिकवणी सुरू केली. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी टाकायची. मुली यायच्या त्या बहुतेक चित्रकलेच्या परीक्षेसाठी. त्यांच्या आयांना भिंतीवर लावायला मोर हवा असायचा, जरीच्या रंगाचा. मी कागद चिकटवायला बसवलं की दोन-तीन रविवारांत निम्म्या गळायच्या. ज्या राहायच्या त्यांना मी पाठ ताठ ठेवायला सांगायचे आणि स्वतः पोक काढून बसायचे. मला शिकवण्याची हौस होती असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही, पण रविवारी सकाळी माझ्या मनात नेहमी एकच यायचं, आज कुणीच येऊ नये आणि मला झोपू द्यावं.

पोरं मोठी झाली म्हणून अश्विनाच्या वेळी मी नवी थप्पी केली, या वेळी मोरचूद घालून. सासूबाईंनी पुडी बघितली आणि काही म्हणाल्या नाहीत. अश्विनात पठारावरची बटाट्याची काढणी आली, पौषात कांद्याची लागण. मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि माझी दुपार गेली. त्यांना भरवायचं, कूस बदलायची, अंग पुसायचं. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या चित्रांना ऊन दाखवायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला आठवत होतं. रोज आठवायचं आणि रोज मी म्हणायचे, उद्या. माघ आणि फाल्गुन मी त्यांच्या खाटेशेजारी बसून काढले. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं कळायचं नाही, पण ट्रक आला की त्या चांगला हात वर करायच्या, मला ब्रश उचलायची खूण म्हणून. फाल्गुनाचं चित्र संपायच्या आधी त्या गेल्या.

फाल्गुनातली शेवटची रेघ काढली तेव्हा मला चष्मा लागून बरेच दिवस झाले होते. मी नवऱ्याला म्हटलं, "संपलं वर्ष." तो खरंच खूश झाला. म्हणाला, "चाचांना गाडी पाठवू. एस्टीचं नको आता." मी म्हटलं आधी मांडून बघते, मग सांगू.

माळ्यावरून पेटी काढली. वरचे महिने, अश्विनापासून माघापर्यंतचे, जसेच्या तसे होते. खाली भाद्रपद. तो उचलला आणि त्याचे थर सुटून आले, शिळ्या पोळीचे पापुद्रे सुटतात तसे. आतली खळ कुठंच नव्हती. पोळ्याचे बैल होते, पण बाया गेल्या होत्या, तिथं नुसत्या वेड्यावाकड्या वाटा. श्रावणाला हात लावला तर पाट हातात आला आणि धुणं पेटीतच राहिलं. चैत्राचा भुगा होता. कडुनिंबाच्या पाल्याचाही भुगा होता. मधे चंदेरी किडे पळत होते, अगदी धष्टपुष्ट.

मला रडू आलं नाही. मला इतका शीण आला की मी तिथंच माळ्याच्या शिडीला टेकून बसले. लेक कॉलेजातून आली, तिनं बघितलं, माझ्या शेजारी बसली. तिला मोरचुदाची सगळी गोष्ट ठाऊक होती, घरात ती चेष्टेनं कितीदा निघायची.

"मी खरंच चाटलं असतं का गं?" तिनं विचारलं.

"एक कोपरा तर तू चघळलायस."

तिनं चैत्राचा भुगा वर्तमानपत्रात गोळा केला आणि पुडी बांधली. त्या पुडीवर तिनं पेननं 'चैत्र' लिहिलं आणि ते बघून मग माझे डोळे भरून आले.

चाचांना मंचरला बोलावण्यात अर्थ नव्हता. मीच पिशवी घेऊन जुन्नरला गेले. बोळ तोच, दुकान बंद झालेलं. चाचा खाटेवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, माणूस ओळखायचे ते आवाजावरून. चाची जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. मी बाराच्या बारा, जे उरलं होतं त्याच्यासकट, त्यांच्या खाटेवर एका ओळीत मांडले. शब्द दिला होता म्हणून मांडले. चाचांनी ते बघितले नाहीत, बोटांनी चाचपले. अश्विनापासून पुढं बोटं गुळगुळीत सरकली. मग त्यांनी भाद्रपदावर हात ठेवला आणि थांबले.

"ही पोरं रांगत व्हती तवाची?"

"हो."

"सारी?"

"चैत्रापासून भाद्रपदापर्यंत सगळी."

मला वाटलं, आता म्हणतील की सांगितलं होतं, ऊन दाखव. मी ते ऐकायची तयारी करून आले होते. पण ते चाचींच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "आपल्या घरात तर मोरचूद कायम व्हतं. चुलीजवळच असायचं. आपल्या पोरांनी कसं न्हाई खाल्लं?"

चाचींनी लसूण सोलायचा हात थांबवला नाही. "खातील कशी," त्या म्हणाल्या. "मी त्यांना जमिनीवर ठेवलंच कवा? पाचीच्या पाची कडेवर वाढवली. तुमची खळ वाळंस्तवर पोर कडंवर, तुमचं घोटून हुईस्तवर कडंवर. आजून ही बाजू दुखती."

चाचांचा हात भाद्रपदावरच राहिला. त्यांच्या मागं भिंतीवर त्यांची स्वतःची चित्रं होती, मी कॉलेजात असताना होती तशीच, हत्तीच्या पायातले तोडेसुद्धा शाबूत. मी इतकी वर्षं ती बघत आले होते आणि त्यांच्या खळीचं कौतुक करत आले होते. चाचींकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. त्या बसल्या होत्या तरी एका अंगाला झुकलेल्या होत्या.

सहा महिने मी चौकटीत बसवून पुढच्या खोलीत लावले. उरलेले परत काढायला घेतले नाहीत. डोळेही राहिले नाहीत आणि कुणी काढ म्हटलंही नाही. पावणे विचारतात, सहाच का, तर नवरा सांगतो, "आमच्याकडं वर्ष अश्विनात सुरू व्हतं." आणि पावणे मान डोलावतात.

शिकवणी अजून होतीच. टिकून राहिलेल्या मुलींतल्या एकीचं लग्न मंचरातच झालं. हात चांगला होता तिचा, मला तिच्याबद्दल आशा होती. मूल झालं म्हणून ती वर्षभर आली नाही. मग एका रविवारी बाळाला घेऊन आली आणि सतरंजीवर बसून हळूच विचारलं, "बाई, मला वसली करायचीये. पण घरात हा रांगतोय. मोरचूद घालू का नको?"

बाकीच्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मला दोन्ही उत्तरं माहीत होती आणि दोन्हींची किंमत मी बघितली होती. बाळानं तेवढ्यात अकीकाचा दगड धरून तोंडाकडं नेला.

"घाल," मी म्हटलं. "पण तुझ्या घरी नको. माझ्या चुलीवर शिजव, माझ्या गच्चीवर वाळव. रविवारी नाही जमलं तर दुपारची ये."

"आणि ह्याला?"

मी त्याच्या हातातून दगड काढून घेतला. तो लगेच रडायला लागला. गुडघे धरून मी उठले आणि त्याला कडेवर घेतलं. ती आत चूल पेटवायला गेली. मी बाळाला घेऊन रस्त्याकडच्या गॅलरीत आले आणि त्याला ट्रक दाखवत उभी राहिले. खळ शिजायची होती, मग कागद चिकटवायचे होते, मग वाळायचे होते. पोरगं चांगलंच जड होतं.